रिपोर्टचं बटण दाबणं म्हणजे तक्रार नव्हे: समाजमाध्यम कंपनीला जबाबदार कसं धरायचं

कुणीतरी तुमच्या नावानं फेक अकाउंट उघडलंय, बहिणीचा फोटो मॉर्फ करून फिरवलाय, किंवा सोसायटीच्या भांडणातून फेसबुकवर धमक्या यायला लागल्यात. अशा वेळी बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. पोस्टवरच्या तीन टिंबांवर जाऊन ‘रिपोर्ट’ दाबतात आणि लगेच तीच लिंक दहा नातेवाइकांना पाठवून ‘तुम्हीपण रिपोर्ट करा’ म्हणून गळ घालतात. बटणामुळे तक्रार जाते ती कंपनीच्या स्वतःच्या नियमांखाली, आणि ‘आमच्या नियमांचा भंग झालेला नाही’ असं एका ओळीचं उत्तर येऊन विषय संपतो. दुसऱ्या उपायानं ती पोस्ट आणखी दहा घरांत पोचते, एवढंच.

भारतीय कायद्यात कंपनीची जबाबदारी वेगळ्या दारातून सुरू होते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ नुसार फेसबुक, यूट्यूब, एक्स, व्हॉट्सअ‍ॅप हे ‘मध्यस्थ’ आहेत. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी त्यांना सहसा दोषी धरता येत नाही, पण हे संरक्षण सशर्त आहे. २०२१ च्या मध्यस्थ नियमांत घालून दिलेली दक्षता कंपनीनं पाळली नाही, तर नियम ७ प्रमाणे ती ढाल गळून पडते. म्हणून अमुक वेळी, अमुक लिंकबद्दल, अमुक नियमाखाली कंपनीला कळवलं होतं, हे लेखी आणि नाकारता येणार नाही असं नोंदवून ठेवणं हेच तुमचं खरं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी प्रकरण कोणत्या खान्यात बसतं ते ठरवा

इथे चूक झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण प्रत्येक खान्याची मुदत वेगळी आहे. मध्यस्थ नियमांच्या फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं या मुदती बऱ्याच कमी झाल्या. नेटवरच्या जुन्या लेखांत अजून आधीचेच आकडे सापडतात, त्यांवर विसंबू नका.

पहिला खाना सर्वांत कडक. नग्नता, खासगी अवयव किंवा लैंगिक कृत्य दाखवणारा मजकूर, आणि तोतयेगिरी, म्हणजे तुमच्या नावाचं फेक प्रोफाइल, मॉर्फ केलेला फोटो किंवा डीपफेक (एआयनं बनवलेला खोटा फोटो-व्हिडिओ). नियम ३(२)(बी) प्रमाणे इथे पीडित व्यक्तीची किंवा तिच्या वतीनं दुसऱ्या कुणाची तक्रार पुरते, कोर्टाचा आदेश लागत नाही. मुदत आधी २४ तास होती, आता २ तास.

दुसरा खाना म्हणजे खासगीपणाचा भंग, लिंगावरून छळ किंवा अपमान, मुलांना अपायकारक मजकूर वगैरे, जे नियम ३(१)(बी) मध्ये मोजून दिलंय. मुदत ७२ तासांवरून ३६ तासांवर आली. उरलेल्या सगळ्या तक्रारी, उदाहरणार्थ हॅक झालेलं खातं परत न मिळणं किंवा विनाकारण बंद झालेलं खातं, १५ दिवसांऐवजी ७ दिवसांत निकाली काढायच्या. तुमचा व्हिडिओ किंवा लेख कुणी ढापला असेल, तर रस्ता कॉपीराइटचा. कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ खाली नोटीस दिल्यावर कंपनीनं ३६ तासांत मजकूर रोखायचा, आणि तुम्ही २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करायला ती मोकळी.

आता सापळा. दहातल्या आठ तक्रारींत पहिलाच शब्द असतो ‘बदनामी’, आणि या कामी तोच सर्वांत दुबळा. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीत नियम ३(१)(बी) मधून बदनामीकारक मजकुराचा उल्लेख काढून टाकला गेला. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात ठरवून दिलंय, की कलम ७९ खाली कंपनीला ‘माहीत होतं’ असं म्हणायला कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना लागते. खरं-खोटं ठरवण्याचं काम कंपनीचं नाही, असा त्याचा रोख. तेव्हा फोटो मॉर्फ केलेला असेल तर ‘मॉर्फ’ लिहा, तुमचा मोबाइल नंबर आणि पत्ता उघड केला असेल तर ‘खासगीपणाचा भंग’ लिहा, तुमच्या नावानं खातं असेल तर ‘तोतयेगिरी’ लिहा. निव्वळ बदनामी असेल तर थेट आठव्या पायरीवर जा.

२. पुरावा आधी, रिपोर्ट नंतर

पोस्ट उडाली की पुरावाही उडाला. त्यामुळे काहीही कळवण्याआधी अर्धा तास इथे घालवा.

• पोस्टची नेमकी लिंक घ्या. प्रोफाइलची लिंक देऊन ‘याच्या खात्यावर बघा’ असं लिहिलेल्या तक्रारी परत येतात. प्रत्येक पोस्ट, रील आणि कमेंट यांची लिंक वेगळी द्या. फेसबुक किंवा यूट्यूबच्या कमेंटची लिंक हवी असेल तर संगणकावर उघडा आणि कमेंटजवळ ‘२ तासांपूर्वी’ असं जे लिहिलेलं असतं त्यावर क्लिक करा. वर पत्त्याच्या पट्टीत येते ती त्या एका कमेंटची लिंक.

• इन्स्टाग्रामची लिंक फोनवरून कॉपी केली की प्रश्नचिन्हानंतर एक लांबलचक शेपटी येते. ती लिंक कुणी शेअर केली याचा माग ठेवण्यासाठी असते, काढून टाकली तरी लिंक चालते. यूट्यूबच्या लिंकला मात्र ही कात्री लावू नका. संगणकावरच्या लिंकमध्ये व्हिडिओचा क्रमांकच प्रश्नचिन्हानंतर असतो.

• खात्याचं दिसणारं नाव आणि हँडल (@ नंतरचं नाव), दोन्ही टिपा. नाव कधीही बदलता येतं, हँडलही बदलतात.

• स्क्रीनशॉट कापू नका. वरची वेळ, बॅटरी, सगळं राहू द्या. संगणकावर घेत असाल तर पत्त्याची पट्टी आणि खालची तारीख दिसली पाहिजे. स्टोरी २४ तासांत जाते, तिची स्क्रीन रेकॉर्डिंग प्रोफाइल उघडण्यापासून सुरू करा, म्हणजे ती कुणाच्या खात्यावर होती हे एका सलग व्हिडिओत दिसतं.

• हे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपनं स्वतःलाच पाठवून ‘जपून’ ठेवू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि मूळ फाइलमधली तारीख वगैरे माहिती गळते. केबलनं पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर मजकुराला लिंक नसते. देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर, ग्रुपचं नाव, अ‍ॅडमिनचा नंबर आणि मेसेजची वेळ लिहून घ्या आणि चॅट एक्सपोर्ट करा. तिथे संदेश कूटबद्ध असल्यामुळे कंपनीला मजकूर दिसत नाही. तुम्ही रिपोर्ट केलात की त्या नंबरकडून किंवा ग्रुपमधून आलेले शेवटचे पाच संदेश तिच्याकडे जातात. म्हणून धमकी सोमवारी आली आणि नंतर त्याच नंबरवरून वीस ‘गुड मॉर्निंग’ आले, तर रिपोर्टमध्ये ते गुड मॉर्निंगच जाणार. धमकी आल्या आल्या, एक्सपोर्ट झाल्यावर लगेच रिपोर्ट करा. आणि अ‍ॅडमिनवर राग काढण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की सभासदानं टाकलेल्या मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय.

सर्वांत महत्त्वाचा अपवाद: अठरा वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं अश्लील चित्र असेल तर स्क्रीनशॉट घेऊ नका, सेव्ह करू नका, ‘पुरावा’ म्हणून शाळेच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. असं चित्र जवळ बाळगण्याबद्दल पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १५ खाली शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात त्याचा अर्थ चांगलाच कडक लावला. फक्त लिंक, हँडल आणि वेळ कागदावर लिहा आणि थेट पोलिसांकडे किंवा १०९८ या बाल हेल्पलाइनवर जा. त्याच निकालात कंपन्यांनाही बजावलंय, की परदेशातल्या संस्थेला कळवून भागणार नाही, पोक्सोप्रमाणे इथल्या पोलिसांना कळवलं तरच कलम ७९ चं संरक्षण मागता येईल.

३. जवळ ठेवायचे कागद

ओळखपत्र (मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात), लिंकची यादी, न कापलेले स्क्रीनशॉट, स्वतःचा मूळ फोटो (मॉर्फचं प्रकरण असेल तर दोन्ही शेजारी ठेवले की वाद उरत नाही), दुसऱ्याच्या वतीनं तक्रार करत असाल तर त्या व्यक्तीचं सहीचं संमतिपत्र, आणि एक साधा तक्ता: तारीख, वेळ, काय केलं, पोच क्रमांक. वहीत लिहिलात तरी चालेल, पण पहिल्या दिवसापासून लिहा.

४. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा

भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीला तीन माणसं भारतातच नेमावी लागतात: मुख्य अनुपालन अधिकारी, पोलिसांसाठी चोवीस तासांचा नोडल अधिकारी आणि निवासी तक्रार निवारण अधिकारी. तुमचा संबंध तिसऱ्याशी. त्याचं नाव आणि संपर्काची पद्धत अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर ठळक देणं बंधनकारक आहे. ‘ठळक’ हा कंपन्यांचा विनोद समजा. मदत विभागात ‘ग्रिव्हन्स ऑफिसर इंडिया’ असं शोधल्यावर पान सापडतं. शोधताना गुगलवरचे ‘कस्टमर केअर’चे मोबाइल नंबर उचलू नका, त्यातले बरेचसे ठगांचेच असतात.

फॉर्म असेल तर फॉर्म, ईमेल असेल तर ईमेल. दोन्ही असतील तर दोन्ही. मसुदा असा ठेवा, आणि शक्यतो इंग्रजीत पाठवा, भाषांतरात वेळ जात नाही:

“विषय: मध्यस्थ नियम २०२१, नियम ३(२)(बी) खाली तक्रार. तोतयेगिरी व मॉर्फ केलेले छायाचित्र.
खालील तीन लिंकवर माझ्या चेहऱ्याचे मॉर्फ केलेले छायाचित्र माझ्या संमतीशिवाय प्रसिद्ध केले आहे. (लिंक १, २, ३; प्रत्येकीपुढे मी ती पाहिल्याची तारीख व वेळ.) हे खाते माझे नाही. सोबत ओळखपत्र व मूळ छायाचित्र जोडले आहे. नियमातील मुदतीत ही सामग्री हटवावी, आणि नियम ३(१)(जी) प्रमाणे तिची व संबंधित नोंदींची प्रत तपासासाठी १८० दिवस जतन करावी.”

शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात आणि तिथेच प्रकरण लंगडं होतं. मजकूर हटला म्हणून आपण खूश, आणि दोन महिन्यांनी पोलिसांना खातं कुणाचं हे शोधायला नोंदी हव्या असतात.

मसुद्यात राग, शाप, आत्महत्येचा इशारा, घराण्याचा इतिहास काही नको. तिकडे वाचणारा माणूस लिंक आणि नियम क्रमांक बघतो. २४ तासांत पोच मिळायला हवी. त्या पोचेतला तिकीट क्रमांक तक्त्यात लिहा. ‘हे खातं चालवणाऱ्याचं नाव सांगा’ अशी मागणी कंपनीकडे करू नका. ती माहिती कंपनी तुम्हाला देणार नाही. अधिकृत तपास यंत्रणेनं लेखी मागितली तर मात्र नियमाप्रमाणे तिला द्यावी लागते.

यूट्यूबबद्दल एक सूचना. तिथल्या खासगीपणाच्या तक्रारीत व्हिडिओ टाकणाऱ्याला स्वतःहून काढायला ४८ तास दिले जातात, म्हणजे त्याला कुणकुण लागतेच. प्रकरण पहिल्या खान्यातलं असेल तर त्या फॉर्मच्या भरवशावर थांबू नका.

५. खासगी फोटो असतील तर पसरण्याआधीच अडवा

ब्लॅकमेल सुरू आहे पण फोटो अजून टाकलेला नाही, अशा स्थितीत वरचे नियम उपयोगाचे नाहीत, कारण हटवायला लिंकच नाही. यासाठी ‘स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग’ ही विनामूल्य सोय आहे. तुमचा फोटो तुमच्याच फोनवर राहतो. त्यापासून अंकाक्षरांचा एक ठसा, म्हणजे हॅश, तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिटसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कुणी चढवला की जुळणी होऊन अडवला जातो. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी. फोटो अठराच्या आतल्या वयातला असेल तर अमेरिकेतल्या ‘एनसीएमईसी’ संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही सेवा तशीच चालते आणि भारतातूनही वापरता येते. मर्यादा दोन: सहभागी नसलेल्या साइटवर उपयोग नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना पाठवलेल्या फोटोंना हे जाळं लागत नाही.

ब्लॅकमेलरला पैसे देऊ नका. एकदा दिले की रक्कम वाढते. आधीच दिले असतील तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तातडीनं फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. स्वतःचं खातं घाबरून डिलीट करू नका, त्यातच सगळं संभाषण आहे.

६. पोलिसांकडे जाताना

ऑनलाइन तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या राष्ट्रीय पोर्टलवर होते. महिला आणि बालकांविषयीच्या तक्रारींचा विभाग वेगळा आहे आणि तिथे नाव न देताही कळवता येतं. पण निनावी तक्रारीचा पुढे पाठपुरावा करता येत नाही, म्हणून प्रकरण स्वतःचं असेल तर नावानिशीच करा. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. तिची छापील प्रत घेऊन ठाण्यात जा.

ठाण्यात तीन उत्तरं ठरलेली असतात. ‘आमच्या हद्दीत येत नाही’: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ‘सायबरला जा’: सायबर ठाणं सोयीचं असतं, पण सक्तीचं नाही. आयटी कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो (कलम ७८), म्हणून ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा पोलीस निरीक्षकांना भेटा. ‘कंपनी परदेशातली आहे, काही होत नाही’: कंपनीचा नोडल अधिकारी भारतातच आहे. एवढं शांतपणे सांगा आणि अर्जात त्याचा उल्लेख करा.

अर्ज मराठीत, दोन प्रती. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. तरीही नोंद झाली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना) रजिस्टर पोस्टानं पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ठाण्याची पायरी चढायचा धीर होत नसेल अशा बाईनं जवळच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जावं किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

प्रकरण खटल्यापर्यंत गेलं तर स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलचा हॅशही लिहायचा असतो. ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतला तो फोन तोवर विकू नका, फॉरमॅट करू नका.

७. कंपनीनं नाही म्हटलं तर अपील

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तीन तक्रार अपील समित्या नेमल्या. ‘जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन’ या पोर्टलवर सगळं ऑनलाइन चालतं, दिल्लीला जावं लागत नाही. तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, आणि समितीनंही ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असं नियम सांगतो. इथे लागतात ते मूळ तक्रार, पोच आणि कंपनीचं उत्तर. ज्यांनी फक्त अ‍ॅपमधलं बटण दाबलं त्यांच्याकडे नेमके हेच तीन कागद नसतात. कंपनीनं उत्तरच दिलं नसेल तर मुदत उलटल्यावर एक स्मरणपत्र पाठवा आणि ते जोडा.

चुकीनं बंद केलेल्या खात्यासाठीही हाच मार्ग. मोठ्या कंपनीनं स्वतःहून मजकूर हटवला असेल तर नियम ४(८) प्रमाणे कारण कळवणं आणि बाजू मांडायला संधी देणं तिच्यावर बंधनकारक आहे, याचा उल्लेख अपिलात अवश्य करा.

८. कोर्ट

बदनामीसाठी दिवाणी न्यायालयात दावा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज. खातं कुणाचं हे माहीत नसलं तरी अडत नाही. अज्ञात प्रतिवादीविरुद्ध आदेश मिळतो, वकिली बोलीत त्याला ‘अशोक कुमार आदेश’ म्हणतात. वकिलांना तीन गोष्टी आग्रहानं सांगा: कंपनीलाही प्रतिवादी करा, आदेशात प्रत्येक लिंक अक्षरशः लिहून घ्या, आणि खात्याची नोंदणी माहिती कोर्टात सादर करण्याचा हुकूम मागा. आदेश कंपनीच्या हाती पडल्यावर मजकूर काढायला आधी ३६ तास होते, आता ३ तास. पण आदेशात ‘तत्सम सर्व मजकूर’ एवढंच असेल तर कंपनी लिंक विचारत बसते.

९. तोच मजकूर परत आला तर

नवी लिंक म्हणजे नवी तक्रार. जुन्या तिकिटावर उत्तर देऊन ‘पुन्हा आलंय’ लिहिलं की ते जुन्या, बंद झालेल्या फाइलीत जातं. नवीन तक्रार करा आणि तीत जुना तिकीट क्रमांक लिहा. खासगी फोटोंबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, की पीडितेला दर वेळी नवी लिंक शोधत फिरायला लावू नये, हॅश जुळवून पुन्हा येणारा मजकूर अडवावा. तक्रारीत या निकालाचा हवाला द्या.

परदेशात राहणाऱ्यांसाठी रस्ते वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी आयुक्तांकडे वैयक्तिक तक्रार करता येते आणि ते कंपनीला हटवण्याची नोटीस काढू शकतात. ब्रिटनचं ऑफकॉम कंपन्यांवर नियमन करतं, पण तुमची एक पोस्ट हटवून देत नाही. युरोपीय संघात डिजिटल सेवा कायद्याखाली कंपनीच्या निर्णयाविरुद्ध सहा महिन्यांपर्यंत अंतर्गत तक्रार करता येते. अमेरिकेत मे २०२५ च्या कायद्यानं संमतीशिवाय टाकलेल्या खासगी चित्रांसाठी ४८ तासांची मुदत घातली आहे. मुलगी मेलबर्नला आणि फोटो टाकणारा साताऱ्यात, असं असेल तर दोन्हीकडे तक्रार करा. एकीकडचा तिकीट क्रमांक दुसरीकडच्या अर्जात जोडला की दोन्ही ठिकाणी तारखा जुळतात.